सुदृढ बालकाचा खुराक

बलोपासना कोल्हापूरच्या रक्तातच आहे आणि तिचा आरंभ पाळण्यात होतो. हे वाक्य आमच्या पेठेतल्या तालमीच्या अध्यक्षांचं. गणपतीच्या मांडवात सुदृढ बालक स्पर्धेचं उद्घाटन करताना ते दर वर्षी हेच म्हणत, आणि म्हणताना उजवा हात पोटावर ठेवत. त्यांनी स्वतः जोर मारलेले पेठेत कुणी पाहिले नव्हते. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर त्या तालमीच्या आखाड्यात दोन म्हातारे आणि एक मांजर एवढेच नेमाने येत. पण अध्यक्षांच्या पाळण्यातल्या दिवसांबद्दल कुणालाच काही ठाऊक नसल्यामुळे वाक्याला टाळ्या पडत.

स्पर्धेचे नियम छापलेले होते. उंची, दात, त्वचा, लसीकरण, चपळपणा अशा सगळ्यांना गुण होते. प्रत्यक्षात पेठेला वजनाचीच भाषा कळे. त्यासाठी मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानातून गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, तोलायचा काटा आणला जाई. कितीही पुसला तरी त्याच्या फळीला थोडा गूळ चिकटलेला असे. मुलं त्यावर बसवली की बोटं चाटू लागत, आणि ही भूक सुदृढपणाचं लक्षण म्हणून धरली जाई. पहिल्या नंबराला ढाल आणि डोक्यापेक्षा मोठा फेटा मिळे. मग हलगीच्या तालावर बाळाला खांद्यावर घेऊन पेठेतून मिरवत. मैदान मारून आलेल्या पैलवानाची जी मिरवणूक, तीच ही, फरक एवढाच की हा पैलवान वाटेत झोपी जाई.

त्या वर्षी माझी थोरली बहीण, म्हणजे आक्का, आपल्या धाकट्या मुलाला घेऊन कोडोलीहून आली. भाचा म्हणजे पेठेचाच, असा अध्यक्षांनी निर्वाळा दिल्यामुळे माझ्या पत्त्यावर त्याचं नाव नोंदवलं गेलं. भाचा तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता. पाडव्याला मी पाहिला तेव्हा तो काडीएवढा होता आणि सारखा खोकत होता. आता आक्काच्या कडेवर जे बसलं होतं ते मला ओळखूच येईना. गाल इतके वर आले होते की डोळे आत गेले होते. मान नव्हतीच. पोट नगाऱ्यासारखं, आणि कपाळावर व गालांवर बारीक लव. हातपाय मात्र पूर्वीचेच बारीक. उंचीही पाडव्याला होती तेवढीच. पोर एका जागी शांत बसून होतं, तालमीच्या वार्षिक सभेत बसावं तसं.

"काय खायला घालतीस ग ह्याला?" मी विचारलं.

"खुराक चालू हाय त्याचा," आक्का म्हणाली आणि पिशवीतून एक छोटी बाटली काढून दाखवली. बाटलीला रबराचं ड्रॉपर होतं. लेबलावर बारीक इंग्रजी अक्षरं होती आणि बाजूला एक उभी लाल रेघ. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, असा तिचा अर्थ. आपल्याकडे ती रेघ लेबलाची शोभा म्हणून पाहिली जाते.

"हे औषध आहे."

"खोकल्याला दिलं हुतं डॉक्टरनं. चार-पाच दिवस द्या म्हनला. खोकला गेला, आन् भूक आली. हत्तीगत जेवतंय बघ आता. मग ह्यांनी ठरवलं, चालू ठेवायचं."

'ह्यांनी' म्हणजे माझे दाजी. दाजी तरुणपणी जिल्ह्यातली मैदानं गाजवलेले पैलवान. कान मोडलेले, मान खांद्यांत बसलेली, आणि आता ऊस व चार म्हशी. अशा माणसाच्या पोटी काडीएवढं पोर जन्मावं हा त्यांना स्वतःवरचा आरोप वाटत होता. दाजींच्या जगात तोंडावाटे आत जाणाऱ्या वस्तूंचे दोनच प्रकार होते. एक औषध, ते आजाऱ्यासाठी. दुसरा खुराक, तो पैलवानासाठी. ज्याने भूक लागते आणि अंग भरतं तो खुराक, मग तो बदामाचा असो की बाटलीतला. मी डॉक्टरांचं नाव काढताच दाजींनी मला समजावून सांगितलं.

"पावणं, औषध बंद करत्यात. खुराक कुनी बंद करतंय व्हय? कुठल्या पैलवानानं दूध बंद केलेलं ऐकलंय का तुमी? खुराक वाढवायचा असतोय."

आणि त्यांनी तो वाढवलाही होता. गावातला मेडिकलवाला बाटली मागितली की देई. चिठ्ठी पहिल्यांदा दाखवली होती ना, मग झालं. पोराच्या अंगावर जे चढत होतं ते सगळं गाव बघत होतं, आणि बघितलेल्या गोष्टीला चिठ्ठी कशाला लागते?

स्पर्धेला शास्त्रीय बैठक हवी, असं त्या वर्षी अध्यक्षांच्या मनात आलं होतं. शास्त्रीय बैठक म्हणजे व्यासपीठावर एक जादा खुर्ची. त्या खुर्चीवर शहरातल्या एका लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंना परीक्षक म्हणून बसवण्यात आलं. शेजारी प्रमुख पाहुणे होते, एका साखर कारखान्याचे संचालक. त्यांनी भाषणात बालकाची तुलना दीड वर्ष वाढणाऱ्या आडसाली उसाशी केली. योग्य वेळी योग्य मात्रा मिळाली की दोघांचाही उतारा चांगला पडतो, असं ते म्हणाले. दाजींनी मान डोलावली.

भाचा काट्यावर बसला तेव्हा मांडव हलला. इतर मुलं काट्यावर भोकाड पसरत होती. हे पोर बसवलं तिथे बसलं आणि फळीवरचा गूळ खरवडू लागलं. काट्याची दांडी खटकन वर गेली. कुणीतरी ओरडलं, "आरं, हे कोडोलीचं रेडकू हाय काय?" दाजींनी मांडवातच शड्डू ठोकला.

डॉक्टरीणबाई उठून जवळ आल्या. त्यांनी पोराचं झबलं वर करून पोट पाहिलं, पाठीवरची लव पाहिली, टेपने उंची मोजली. पोराला खाली उभं केलं आणि चालायला सांगितलं. ते दोन पावलं चाललं आणि बसलं. बाईंनी कागदावर गुण लिहून कागद अध्यक्षांकडे दिला.

अध्यक्ष वाकून म्हणाले, "बाई, एक शून्य लिहायचं राहिलं वाटतं."

"राहिलं नाही. तेवढेच गुण आहेत."

"काटा बघितला न्हाई का तुमी?"

"काटा बघितला. मूलही बघितलं. हे मूल सुदृढ नाही."

अध्यक्षांनी क्षणभर विचार केला. मग माईक हातात घेऊन ते म्हणाले, "परीक्षक बाईंचे गुण मंडळ मार्गदर्शन म्हणून नम्रपणे स्वीकारत आहे. प्रथम क्रमांक..." पुढचं हलगीत बुडालं. शास्त्र आपल्या खुर्चीवर जाऊन बसलं.

पोराच्या डोक्यावर फेटा बांधत होते तेव्हा बाईंनी मला खूण करून बाजूला बोलावलं. मामा आहे म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "ह्याला कुठले थेंब चालू आहेत?" मी बाटलीचं नाव सांगितलं.

"मला वाटलंच. ते स्टेरॉईड आहे. चांगलं औषध आहे, दम लागलेल्या मुलाला थोडे दिवस दिलं तर जीव वाचवतं. महिनोन्‌महिने दिलं तर हे असं होतं. सूज, चरबी, उंची खुंटते, हाडं कच्ची राहतात, साधा ताप झेपत नाही. आमच्या पुस्तकांत ह्या चेहऱ्याला चंद्रासारखा चेहरा असंच म्हणतात. ते कौतुक नसतं."

मिरवणूक निघत होती. बाईंनी माझी बाही धरली. "आणि हे नीट ऐका. घरच्या घरी बंद करू नका. एकदम बंद केलं तर जिवावर बेतेल. उद्या बाटली घेऊन दवाखान्यात या, मी हळूहळू कमी करून देईन."

मिरवणूक आटोपल्यावर घरी मी दाजींना हे सगळं, ह्याच क्रमाने, सांगितलं. दाजींनी पहिला शब्द ऐकला आणि त्यांचे मोडके कान तिथेच मिटले. कोल्हापुरात स्टेरॉईड हा शब्द डॉक्टरांच्या आधी आखाड्यात येऊन पोचला होता. तिथे त्याचा अर्थ सुई. सुई मारून अंग फुगवणारी नवी पोरं दाजींनी पाहिली होती, आणि त्यांच्याबद्दल ते जे बोलत ते इथे लिहिता येणार नाही. दाजींनी आयुष्यात दोन गोष्टींना हात लावला नव्हता, दारूला आणि सुईला.

"म्हंजे माजं प्वार सुईवर पैलं आलं?" ते उभे राहत म्हणाले.

"दाजी, पुढचं ऐका. एकदम बंद करायचं नाही, असं बाई म्हणाल्या. उद्या दवाखान्यात—"

"बेइमानीची ढाल घरात ठेवू व्हय मी?"

"ढालीचं राहू द्या हो. बाटलीचं बोलतोय मी."

"आवो, ऐका की तो काय म्हनतोय," आक्का म्हणाली. पण दाजी आता एका मोठ्या नैतिक प्रसंगात शिरले होते, आणि अशा प्रसंगात माणसाला बारीक अक्षरं दिसत नाहीत.

सकाळी उठून ते ढाल घेऊन तालमीत गेले. दोन म्हातारे आणि मांजर ह्यांच्यासमोर त्यांनी ढाल परत केली आणि मातीला हात लावून माफी मागितली. अध्यक्ष गहिवरले. हा प्रसंग पुढच्या वर्षीच्या भाषणात घालता येईल, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. ढाल दुसऱ्या नंबराच्या मुलाला देण्यात आली. त्याच्या बापाने ती घेतली, दाजींना नमस्कार केला आणि हळूच विचारलं, "थेंबाचं नाव काय हुतं ओ?"

आक्काला पोर घेऊन यायला सांगून मी दवाखान्यात वाट पाहत राहिलो. दाजी तालमीतून घरी आले आणि आक्काला व पोराला घेऊन कोडोलीला निघून गेले होते. वाटेत बाटली कालव्यात फेकून दिली, हे मला नंतर कळलं. दाजी पापातून मुक्त झाले होते. ज्याच्या अंगात ते पाप महिनोन्‌महिने मुरलं होतं त्याला कुणी विचारलं नाही.

रविवारी मी कोडोलीला गेलो. दाजी गोठ्यातून हात पुसत आले. "बघा पावणं, कसं शांत झोपलंय. विष उतरतंय अंगातलं."

आक्का पोराजवळ बसली होती. तिचा चेहरा दाजींच्या बोलण्याशी जुळत नव्हता. "सकाळधरनं उलट्या करतंय. पानीसुदीक ठरंना," ती म्हणाली. "आन् हाक मारली तर बघत न्हाई नीट." मी पोराचा हात हातात घेतला. हात गार आणि ओला होता. मी दंड धरून उचलला आणि सोडला, तो दोरी सोडल्यासारखा खाली पडला. ते फुगलेले गाल तसेच होते, पण आता ते त्याचे वाटत नव्हते. कुणीतरी त्याच्या तोंडावर ठेवून दिल्यासारखे वाटत होते.

जीप मिळाली. ती कोल्हापूरच्या रस्त्याला लागली. आक्का पोराच्या तोंडाशी कान नेऊन श्वास ऐकत होती, आणि जीप खड्ड्यात आदळली की परत पहिल्यापासून ऐकत होती.

डॉक्टरीणबाईंनी पोराला टेबलावर घेतलं, एकच प्रश्न विचारला, "कधी बंद केलं?" आणि उत्तर पुरतं न ऐकता कामाला लागल्या. सलाईन लावलं, साखरेचं पाणी शिरेतून सोडलं, आणि एक इंजेक्शन दिलं. संध्याकाळच्या सुमाराला पोराने डोळे उघडले, आक्काकडे बघितलं आणि बारीक आवाजात रडलं. आयुष्यात त्याच्या रडण्याचं एवढं स्वागत पहिल्यांदाच झालं.

दाजींनी बाईंना विचारलं, "इंजेक्शन कसलं दिलंसा?"

"तेच. त्याच जातीचं."

"तेच? आवो, विष म्हनला हुता की तुमी!"

"मी विष म्हटलं नव्हतं. ते तुम्ही म्हटलंत."

मग बाईंनी त्यांना बसवून घेतलं. "हे बघा, हे औषध ज्या जातीचं आहे ते आपलं शरीर रोज थोडं थोडं स्वतः तयार करत असतं. किडनीच्या वर एक ग्रंथी असते, तिचं ते काम. तुम्ही रोज बाहेरून डबा आणून दिलात. मग घरातली चूल कोण पेटवणार? ती विझली. आणि एक दिवस तुम्ही डबाच बंद केलात. आता चूल थंड आणि डबाही नाही. पोरगं उपाशी राहिलं, दुसरं काय झालं?"

 दाजी उठून आत गेले आणि पोराचं पाऊल आपल्या पंजात धरून बसले. पंजात ते पाऊल दिसतही नव्हतं.

पुढचे कित्येक महिने डबा थोडा थोडा कमी करत नेण्यात गेले. खुराक वाढवायचा असतो एवढंच शिकलेल्या माणसाला तो कमी करायचा वस्ताद भेटला होता. दाजींनी ते काम दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. ते हात धुऊन यायचे, ड्रॉपर उजेडात धरायचे, आणि त्या वेळी घरात कुणी भांडंसुद्धा वाजवायचं नाही. एक थेंब जास्त पडला तर बेइमानी आणि एक कमी पडला तर रविवार, अशा कात्रीत तो दांडगा माणूस श्वास रोखून उभा असे.

पोर ओसरू लागलं. गाल उतरले, मान दिसू लागली, आणि तसतसे नातेवाईक काळजीत पडू लागले. बिद्रीच्या आत्याबाई आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "आगं बाई, पोराचं काय ह्ये खारीक झालंय! खायाला घालत न्हाईसा व्हय त्याला?" आक्काने सुरुवातीला सगळ्यांना ग्रंथी आणि चूल समजावून सांगितली. नंतर ती नुसतं "व्हय, वाळलंय" म्हणू लागली. तेवढं लोकांना पटत होतं.

दरम्यान एक गोष्ट कानावर आली. गावातल्या मेडिकल दुकानात भाच्याचा फेटा बांधलेला फोटो लावला होता, आणि आसपासच्या वाड्यांवरून माणसं येऊन 'पैलवानाचं थेंब' मागत होती. दाजी तिथे गेले. मी सोबत होतो, कारण दाजी रागावले की कुणीतरी सोबत असावं लागतं.

"फोटू काढ त्यो," दाजी म्हणाले.

"आवो, तुमच्याच प्वाराचा हाय की! कौतुकानं लावलाय."

"आन् चिठ्ठीबिगर थेंब का देतूस लोकास्नी?"

"मी काय जबरदस्ती करतोय व्हय? लोकं मागत्यात, मी देतोय. न्हाई दिलं तर शेजारचा देनार."

 दाजींनी फोटो खिळ्यासकट उपटून घेतला. दुकानदार मागून म्हणाला, "खिळा तरी द्या की माघारी."

थेंब संपले. बाईंनी रक्त तपासून घेतलं आणि चूल पेटली आहे असं सांगितलं. उंचीही बोटभर वाढली होती. तरी त्या म्हणाल्या, "वर्षभर लक्ष ठेवा. एखादा ताप, एखादं आजारपण अंगाने आपलं आपण झेललं, की मग मी निश्चिंत. जरा काही वाटलं तर लगेच घेऊन या."

दाजींनी हे आखाड्याच्या भाषेत समजून घेतलं. मेहनत झाली, आता कुस्ती. "मैदानात उतरल्याबिगर कळत न्हाई, पावणं," ते म्हणत. तेव्हापासून त्या घरात आजारपणाची अशी वाट पाहिली जाऊ लागली, जशी इतर घरांत मुलगी बघायला येणाऱ्यांची पाहतात. दाराशी कपड्यांची पिशवी भरून ठेवलेली. शेजाऱ्याची जीप लांबच्या भाड्याला जाऊ नये म्हणून दाजींनी त्याला गळ्याची शपथ घातलेली. आक्का ज्योतिबाला नवस बोलली होती, पण नेमकं काय मागावं ह्याचा तिला घोळ होता. ताप येऊ नये म्हणावं, तर कसोटी राहून जाणार. यावा म्हणावं, तर आईच्या तोंडून ते निघेना. शेवटी तिने देवावरच सोपवलं.

ह्या सगळ्याची बातमी अध्यक्षांपर्यंत गेली. मुलांना दिल्या जाणाऱ्या औषधांचे दुष्परिणाम ह्या विषयावर पुढच्या गणपतीच्या मांडवात व्याख्यान ठेवावं आणि त्यात भाच्याचा सत्कार करावा, असं त्यांनी ठरवलं. उद्घाटक म्हणून शहरातल्या एका घाऊक औषध व्यापाऱ्याचं नाव पक्कं झालं, कारण मंडळाला सगळ्यांत मोठी वर्गणी त्याचीच होती. डॉक्टरीणबाईंना ह्या वेळी बोलावलं नव्हतं. दाजींनी सत्कार नाकारला. "अजून कुस्ती झाली न्हाई," ते म्हणाले. अध्यक्षांना ते कळलं नाही, पण वाक्य आवडलं.

आणि थंडीच्या सुरुवातीला एका सकाळी पोर शिंकलं.

दुसरी शिंक येईपर्यंत जीप दारात होती. आक्काने थर्मामीटर लावला, वाचता येईना म्हणून दाजींकडे दिला, दाजींनी तो उलटा धरल्यामुळे त्यांनाही वाचता येईना. दोघं पोराला घेऊन थेट कोल्हापूरला आले, वाटेत मला उचललं, आणि आम्ही सगळे दवाखान्यात रांग सोडून आत घुसलो. बाईंनी कुणालाही न रागावता पोराला टेबलावर घेतलं. छाती ऐकली. घसा बघितला. पोट दाबलं. नाडी मोजली, रक्तदाब घेतला, ताप पाहिला. पोर सगळा वेळ त्यांची नळी ओढत होतं आणि टेबलावरून उतरायला बघत होतं.

दाजी भिंतीला पाठ लावून उभे होते. "काय हाय?" त्यांनी विचारलं.

"सर्दी," बाई म्हणाल्या.

"औषध?"

"काही नाही."

"काहीच न्हाई?"

"नाक पुसा."

दाजींनी पुसलं. सर्दी आठवडाभर राहिली आणि गेली.